घराचा रंग आणि घरातले लेकरू

सोयाबीन निघाले, की आपल्या जिल्ह्यात दोन कामांची एकदम घाई होते. शेतात हरभऱ्याच्या पेरणीची आणि घरात रंगरंगोटीची. पावसाळाभर ओल धरलेल्या भिंती ऑक्टोबरच्या उन्हात सुकलेल्या असतात, हाती चार पैसे आलेले असतात आणि दिवाळी तोंडावर असते. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर येथील हार्डवेअरच्या दुकानांतून डबे, ब्रश आणि पॉलिशपेपर घेऊन जाणारी माणसे दिसू लागतात. रंगाऱ्याची मजुरी आता सर्वांनाच परवडत नाही, म्हणून बरीच मंडळी हे काम घरच्या घरी करतात. त्यात वाईट काही नाही. मात्र आरोग्याच्या दृष्टीने काही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या.

रिसोड तालुक्यातील एका वाचकांनी पाठविलेले पत्र माझ्यासमोर आहे. ते लिहितात, की यंदा आम्ही बापलेक मिळून घर रंगवणार आहोत. भिंतींना पूर्वी चुना होता, आता डिस्टेंपर द्यावे की प्लॅस्टिक पेंट? दारे-खिडक्या वडिलांच्या काळातील सागवानी आहेत, त्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर आहेत. ते सगळे खरवडून नवा हिरवा रंग द्यायचा आहे. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि सून पाच महिन्यांची गरोदर आहे. कोणता रंग घेतल्यास त्रास होणार नाही?

प्रश्न चांगला आहे. सुनेची आणि नातवाची आठवण ठेवून रंग विचारणारे सासरे मला फार भेटत नाहीत. पण त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यापेक्षा मोठा प्रश्न त्यांच्या पत्रातील एका साध्या वाक्यात आहे. "ते सगळे खरवडून" हे ते वाक्य. नव्या रंगाने होणारा त्रास बहुधा डोकेदुखी, शिंका, दम्याचा जोर अशा स्वरूपाचा असतो आणि काही दिवसांत ओसरतो. जुन्या रंगाची उडालेली पूड मात्र लेकराच्या मेंदूला कायमचे नुकसान करू शकते. कारण त्या पुडीत शिसे असण्याचा संभव असतो.

शिसे रंगात आले कोठून, असे वाचक विचारतील. ते मुद्दाम घालत. जुने रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तो मूळचा शिशाचाच. लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावायचे रेड लेड शिशाचे. झगझगीत पिवळा आणि पिवळ्यात निळा मिसळून केलेला पोपटी-हिरवा, यांत लेड क्रोमेट. शिवाय ऑइल पेंट लवकर वाळावा म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. रंग भिंतीला घट्ट धरतो, चकाकतो, पावसापाण्याला दाद देत नाही. रंगाऱ्याच्या दृष्टीने शिसे फार गुणी होते.

त्याचा अवगुण प्रथम नीट दाखवून दिला तो ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड प्रांतातील ब्रिस्बेन शहरात मुलांच्या रुग्णालयात लॉकहार्ट गिब्सन नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. तेथील काही मुलांना हातापायांचा लुळेपणा येई, काहींची दृष्टी अधू होई. हे शिशाचे विष आहे हे डॉक्टरांनी ओळखले होते, पण ते येते कोठून हे कळत नव्हते. गिब्सन यांनी १९०४ साली लिहून ठेवले, की हे विष घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरून येते. उन्हाने कठड्याचा रंग पिठासारखा सुटतो, मुले कठडा धरून खेळतात, हाताला पूड लागते आणि तो हात तोंडात जातो. आपल्याकडचे ऊन क्वीन्सलँडपेक्षा कमी नाही आणि ओसरीचे गज धरून रस्ता पाहणारी मुले प्रत्येक गावात आहेत. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये अशा रंगावर कायद्याने बंधने घातली. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये असा करार केला होता. अमेरिकेने घरगुती रंगातील शिसे १९७८ मध्ये बंद केले.

आपल्या देशात हा नियम यायला बराच उशीर झाला. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. ९० पीपीएम म्हणजे एक किलो रंगात ९० मिलिग्रॅम. त्यापूर्वी बाजारातील कित्येक ऑइल पेंटमध्ये किलोला कित्येक ग्रॅम शिसे असे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने नियमापूर्वी ज्या चाचण्या केल्या, त्यांत एक गोष्ट स्पष्ट दिसली. पाण्यात मिसळायच्या प्लॅस्टिक पेंटमध्ये शिसे जवळजवळ नव्हते, आणि ऑइल पेंटमध्ये मात्र भरपूर होते. म्हणून रिसोडच्या वाचकांना माझे सांगणे, की तुमच्या भिंतींची मला फारशी काळजी नाही. काळजी आहे ती दाराची, खिडकीच्या गजांची, लोखंडी पलंगाची आणि माळ्यावरून पुन्हा काढलेल्या पाळण्याची. २०१७ पूर्वी ज्या वस्तूला ऑइल पेंट लागला, तिच्यात शिसे आहे असे धरूनच चालावे.

आता हे शिसे शरीरात काय करते ते पाहू. मोठ्या माणसाच्या पोटात जेवढे शिसे जाते, त्यातले थोडेच रक्तात शोषले जाते. लहान मुलाचे आतडे त्याच्या चार ते पाच पट शोषते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि तेथे ते वर्षानुवर्षे राहते. मेंदूची वाढ चालू असताना ते पोहोचले, तर शिकण्याची शक्ती, लक्ष लागणे, स्वभाव या सगळ्यांवर परिणाम होतो. प्रमाण जास्त झाल्यास पोटात कळा, बद्धकोष्ठ, फिकटपणा आणि शेवटी आकडी येते. पण बहुतेक मुलांत प्रमाण थोडे असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मूल जेवते, खेळते. फक्त जेवढे हुशार व्हायचे तेवढे होत नाही. आणि ते का झाले नाही, हे कोणालाच कळत नाही. "आमचे पोरगे अभ्यासात कच्चे आहे" असे म्हणून आईबाप गप्प बसतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक होते. त्यांपैकी २७ कोटींहून अधिक मुले भारतातील आहेत. हे सगळे रंगामुळे नव्हे. जुन्या बॅटऱ्या, भांडी, मसाल्यातील भेसळ अशी कारणे पुष्कळ आहेत. पण आपल्या घरातील कारण आपल्या हातात आहे.

गरोदर बाईबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. तिच्या हाडांत लहानपणापासून साठलेले शिसे गरोदरपणात रक्तात उतरू लागते आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचते. त्यात खरवडलेल्या रंगाच्या पुडीची भर पडता कामा नये. म्हणून रिसोडच्या वाचकांनी दारांचे काम काढण्यापूर्वी सुनेला आणि नातवाला आठ-दहा दिवस तिच्या माहेरी पाठवावे. एरवी सासरची मंडळी माहेरी पाठवायला कां-कूं करतात. येथे तर वैद्यकीय कारण आहे!

अशक्त मुलाला धोका अधिक. शरीरात लोह कमी असले, की आतडे शिसे जास्त ओढते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक मुलांत रक्त कमी आढळले. शिवाय रक्त कमी असलेली मुले माती, खडू, भिंतीचे पोपडे खातात. जुन्या रंगाचा पोपडा गोडसर लागतो, त्यामुळे एकदा चव लागली की मूल पुन्हा तेथेच जाते. अशा मुलाला रागावून उपयोग नाही. त्याचे रक्त तपासा, लोहाचे औषध द्या, आणि ते नेमके कोठले पोपडे खाते ते पाहा. लोहाचे औषध नीट देऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना शिशाची तपासणी करण्याबद्दल विचारावे. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, पण तपासणी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनेप्रमाणे रक्तात ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त शिसे निघाले, तर ते कोठून येते हे शोधून बंद करावे. शिसे बाहेर काढण्याची औषधे आहेत, पण ती बरेच जास्त प्रमाण असेल तेव्हाच देतात, आणि झालेले नुकसान त्यांनी भरून येत नाही.

मग दारांचे करायचे काय? पहिली गोष्ट, रंग घट्ट बसलेला असेल, कोठे सुटलेला नसेल, तर तो काढूच नये. ओल्या फडक्याने पुसून, वरून प्रायमर आणि नवा रंग द्यावा. जुने शिसे आतच दबून राहते. फक्त पोपडे सुटले असतील तेवढाच भाग काढावा, आणि तोही ओला करून. दुकानात साधा पॉलिशपेपर मिळतो तसा वॉटर पेपरही मिळतो. तो पाण्यात बुडवून घासायचा. पूड उडत नाही, चिखलासारखी खाली गळते. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि काम झाल्यावर कागद गुंडाळून चिखलासकट बाहेर काढावा. नंतर फरशी झाडायची नाही, साबणाच्या पाण्याने ओले पुसायचे. झाडूने पूड घरभर जाते. मशीन लावून कोरडे घासणे किंवा ब्लो लॅम्पने रंग जाळून काढणे, हे दोन्ही प्रकार टाळावेत. जाळल्याने शिशाची वाफ होते आणि ती सरळ छातीत जाते. निघालेला चिखल उकिरड्यावर टाकू नये, कारण तेथील खत उद्या वांग्या-मिरचीच्या वाफ्यात जाणार असते. दार काढता येण्यासारखे असेल, तर घराबाहेर, विहिरीपासून आणि गोठ्यापासून दूर नेऊन काम करावे.

हे सगळे मी एका रंगाऱ्याला सांगत होतो. तीस वर्षे काम केलेला मनुष्य. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सरकारनं रंग आता चांगला केला म्हणता, मंग भीती कायची?" मी म्हटले, "भाऊ, तुम्ही रंग नवा लावता, पण घासता तो जुनाच ना?" त्यावर तो हसला आणि खिशातून खर्रा काढला. मुद्दा तेथेच होता. दिवसभर पूड बसलेल्या हाताने खर्रा घोटायचा आणि तोंडात टाकायचा, म्हणजे शिसे चमच्याने खाण्यासारखे आहे. रंगाऱ्यांनी खर्रा सोडलाच तर उत्तम. नाही सोडला, तर निदान हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये. हात थिनरने धुऊ नयेत, त्वचेतून ते आत जाते. आधी खोबरेल तेल चोळावे, मग साबण लावावा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत आणि त्याच कपड्यांनी लेकराला उचलू नये. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ मध्येच रंगाऱ्याच्या व्यवसायाचा समावेश कर्करोगकारक कामांच्या यादीत केलेला आहे. नाकाला साधा रुमाल बांधल्याने बारीक पूड अडत नाही. करोनाच्या दिवसांतील एन-९५ मास्क अनेक घरांत पडून आहेत, ते येथे कामाला येतील. मात्र थिनरचा वास त्यानेही अडत नाही. त्याला दारे-खिडक्या उघड्या ठेवणे हाच उपाय.

नव्या रंगाचे म्हणाल, तर डबा विकत घेताना त्यावरचे बारीक अक्षर वाचा. शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नाही, असे डब्यावर छापणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ते नसेल, किंवा दुकानदार सुटा रंग पिशवीत बांधून देत असेल, तर घेऊ नये. नियमानंतरही काही लहान उत्पादकांच्या ऑइल पेंटमध्ये मर्यादेहून जास्त शिसे आढळले आहे. दुसरे असे, की हा नियम घरगुती रंगांसाठी आहे. ट्रॅक्टर, अवजारे, यंत्रे यांना लावायचा औद्योगिक रंग त्यात येत नाही. ट्रॉलीला लावून उरलेला रंग पाळण्याला किंवा खिडकीच्या गजांना फासण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. लोखंडाला खाली लावायचे रेड ऑक्साइड मात्र वेगळे. ते लोहाचे, गेरूच्या जातीचे, तपकिरी तांबडे असते. शेंदरी झाक मारणारे रेड लेड निराळे.

भिंतीला पाण्याचा रंग घ्यावा, मग डिस्टेंपर असो की प्लॅस्टिक पेंट. घरात दमेकरी असेल तर ऑइल पेंट भिंतीला नकोच. खादी व ग्रामोद्योग आयोगाचा शेणापासून केलेला खादी प्राकृतिक पेंट जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आला. तो शिसे व इतर जड धातूंपासून मुक्त असल्याचे आयोग सांगतो. आपल्या आज्यांनी भिंती शेणाने सारवल्या त्या काही उगीच नाहीत, असे आता म्हणायला हरकत नाही. भिंतीला लोणा लागला असेल, खालून ओल चढत असेल, तर कोणताही महाग रंग तेथे टिकत नाही. आतून बुरशी धरते आणि घरातील मुलाचा खोकला हटत नाही. आधी ओल बंद करावी, मग रंगाचे पाहावे. धान्याच्या कोठीला आतून रंग कधीही देऊ नये. लाकडी पाळण्याला रंगच नको. लाकूड गुळगुळीत घासून तसेच ठेवावे, किंवा आपल्याच भागात पिकणाऱ्या जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन पुरते वाळू द्यावे. एक सूचना, जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

पोळ्याला बैलांच्या शिंगांना आपण ऑइल पेंट लावतो. बैल एकमेकांना चाटतात, गाय कठडा चाटते, आणि शिशाने जनावरे दगावतात हे पशुवैद्यांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा शिंगांसाठीही डब्यावरचे अक्षर वाचूनच रंग घ्यावा. मारुतीच्या शेंदराबद्दलही मला विचारले जाते. परंपरेने शेंदूर म्हणून वापरला जातो तो शिशाचा. देवाला तो अवश्य चढवावा, पण लेकराच्या कपाळी लावलेला शेंदूर त्याच्या हातातून प्रसादाच्या पेढ्यावर जाऊ नये. हात धुऊन मग प्रसाद द्यावा. यात देवाचा अवमान होत नाही.

चुन्याबद्दल मात्र मी मनापासून चांगले बोलतो. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. येथील वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, आणि अजिंठ्याची चित्रे गेरू, पिवळी माती, काजळी अशाच साध्या वस्तूंनी रंगलेली आहेत. आपला चुना त्याच घराण्यातला. त्याला वास नाही, त्यात शिसे नाही आणि तो बुरशीला दाद देत नाही. १८९६ नंतरच्या मुंबईच्या प्लेगात घरोघर चुना फासला होता, तो याच गुणासाठी. पण चुन्याचा एक धोका शिशापेक्षाही तातडीचा आहे, आणि तो म्हणजे डोळा. कळीचा चुना भिजवताना उकळून उडतो. मोठ्या पिंपात पाणी आधी घ्यावे आणि त्यात चुना थोडा थोडा टाकावा. चुन्यावर पाणी ओतू नये. मुलांना त्या पिंपाजवळ फिरकू देऊ नये. छताला चुना मारताना डोळ्यांवर चष्मा हवा. खाण्याच्या चुन्याच्या पुड्याही मुलांच्या हाती देऊ नका. दाबताच त्या फुटून डोळ्यात उडतात.

डोळ्यात चुना गेला, तर दवाखान्यात धावण्याआधी डोळा धुवावा. हे वाक्य घरातील सर्वांना वाचून दाखवा. पापणी दोन बोटांनी उघडून धरायची, डोळा नळाखाली किंवा तांब्याच्या धारेखाली धरून निदान वीस ते तीस मिनिटे पाणी सोडायचे. चुन्याचे खडे दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद काढायचे. तूप, दूध, मध, अंगावरचे दूध यातले काहीही घालू नये. डोळा चोळू नये. ॲसिडपेक्षा चुना वाईट, कारण तो बुबुळात आत आत शिरत जातो. धुऊन झाल्यावर लगेच नेत्रतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जावे.

काम आटोपल्यावर उरते ते टर्पेंटाइन, थिनर आणि पॉलिशचे स्पिरिट. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवलेले मी अनेक घरांत पाहिले आहे. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते. असे झाले, तर ओकारी करवू नये, मिठाचे पाणी पाजू नये. ओकताना ते फुप्फुसात जाते आणि तेथेच खरा घात होतो. तोंड पुसावे, १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे काय पोटात गेले ते डॉक्टरांना कळेल. उरलेले थिनर त्याच्या मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवावे. आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते लागणारच नसेल, तर शेजारी कोणाचे रंगकाम चालू असेल, त्याला देऊन टाकावे.